आत्याचा लेप आणि दादाची चामखीळ

नांदेडला आमचं भांड्यांचं दुकान खाली आणि घर वर होतं, त्यामुळे माझं सगळं लहानपण स्टीलच्या आवाजात गेलं. सकाळी शटर वर गेलं की पातेली, डबे, घंगाळी एकमेकांवर आपटायला लागायची आणि लग्नसराई असली की भांड्यांवर नावं टाकायच्या मशीनची घरघर जेवणाच्या वेळेपर्यंत थांबायची नाही. ते मशीन दादाच्या हातात असायचं. बसवराज त्याचं नाव, घरात सगळ्यांचा बसू. त्याचं अक्षर इतकं वळणदार होतं की हदगाव, धर्माबादकडची माणसंसुद्धा रुखवताची भांडी घ्यायला आमच्याकडे यायची. अजूनही कुणाच्या घरी जेवायला बसले की मी ताटाच्या काठावरचं नाव आधी वाचते. जेवण वाढणारीला वाटतं, बाई ताट स्वच्छ आहे का ते बघतेय.

वरच्या घरात मात्र राज्य आत्याचं होतं. शिवकांता आत्या ही अप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला तेव्हा अप्पांनी तिला घरी आणलं, ते माझ्या जन्माच्याही आधी. आई तिला अक्का म्हणायची आणि मीठ किती घालू इथपासून सगळं तिला विचारायची. आत्या उंच होती, आवाज खणखणीत, कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. तिची पूजा आटोपली की स्वयंपाकघराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तिचा कारखाना सुरू व्हायचा. शिकेकाई कुटणं, रिठे उकळणं, माक्याचा रस तेलात आटवणं, आंबेहळद उन्हात घालणं. काजळ धरायची ती एरंडेलाच्या दिव्यावर, तांब्याची ताटली उपडी घालून. त्या खोलीतून कधी कापराचा वास, कधी करपलेल्या तेलाचा, कधी वाळ्याचा असा येत राहायचा आणि खाली दुकानात आलेली गिऱ्हाइकं वर मान करून विचारायची, "काय शिजून राहिलंय हो?" अप्पा म्हणायचे, "आमच्या अक्काचं दुकान. ते आमच्यापेक्षा जोरात चालतंय."

आणि खरंच चालायचं. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका उटण्यासाठी डबे आणून ठेवायच्या. बाळंतिणीचं तेल आत्याचं, नवरीची हळद आत्याची. ती पैसे घ्यायची नाही. कुणी तूर आणून द्यायची, कुणी शेवया. तिचं उटणं लावून अंघोळ केली की अंगाला दिवसभर मंद वास राहायचा, तो मला आजही कुठल्या महागड्या साबणात सापडलेला नाही. पण कौतुक वाढत गेलं तसं मागणंही वाढत गेलं. एकीला मुरमांवर औषध पाहिजे, दुसरीला गालावरच्या वांगावर, तिसरीच्या पोरीला गोरं व्हायचंय. आत्याला "मला येत नाही" म्हणणं जमायचं नाही. कुणाकडून ऐकलेलं, कुठल्या जत्रेत पाहिलेलं, असं काहीबाही ती एकत्र करायला लागली. कोरफडीचा गर लोणच्याच्या बरणीत भरून ठेवायची. चार-आठ दिवसांनी त्याच्यावर पांढरी बुरशी यायची. ती वरची साय काढल्यासारखी बुरशी काढून टाकायची आणि खालचा गर देऊन टाकायची. कुणाच्या तोंडाची आग झाली आणि ती तक्रार घेऊन आली, तर आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "लागतंय म्हंजे काम करून राहिलंय."

परवा माझी नात मोबाईलवर एक बाई दाखवत होती. लिंबू आणि खाण्याचा सोडा कालवून गालाला फासत होती आणि हसत हसत म्हणत होती, थोडी जळजळ होणारच. मी नातीला म्हटलं, या बाईचा आवाज बदलला की आमची आत्याच ही. मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता वाटलं, लिहूनच ठेवावं.

दादाच्या डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याखाली बोटभर अंतरावर एक चामखीळ होती. मिरीएवढी. आम्हाला ती दिसायचीच नाही, जसं घरातल्या माणसाचं नाक आपल्याला दिसत नाही. पण लातूरचं एक स्थळ आलं, पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं, आणि दादा आरशासमोर उभा राहायला लागला. मुलीचा फोटो आला होता. तो फोटो दादानं नवीन आलेल्या एका डब्यात ठेवला होता आणि तो डबा गिऱ्हाइकाला विकू देत नव्हता. एका दुपारी जेवण झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि आत्याला म्हणाला, "आत्या, ही काढून दे की."

आत्यानं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "आत्ता काढते बघ. चार दिवसांत गळून पडंल."

तिच्याकडे माहूरहून आणलेले बिब्बे होते. बिब्बा दाभणाला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला की काळं, दाट तेल थेंब थेंब गळतं. तिनं ते वाटीत धरलं. त्यात पानाला लावायचा ओला चुना घातला आणि धुण्याचा सोडा. मी आरसा धरून समोर बसले होते. आई दारातून म्हणाली, "अक्का, डोळ्याच्या लई जवळ हाय हो." आत्या म्हणाली, "माझा हात हालत न्हाई." आणि तिचा हात खरंच हलला नाही. काडीच्या टोकानं तिनं तेवढ्याच चामखिळीवर तो काळा-पांढरा लेप ठेवला.

पण लेप थोडाच एका जागी राहतो. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याची खोली, दादाला घाम फुटलेला. लेप पातळ होऊन गालावर पसरायला लागला. दादा म्हणाला, "आत्या, चुणचुणतंय." आत्या म्हणाली, "चुणचुणू दे." थोड्या वेळानं तो म्हणाला, "आत्या, लई आग व्हायलीय." तिनं आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. मग दादा उठला, ओरडला आणि मोरीकडे पळाला. त्यानं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, चोळलं, आणि गालावरचं सगळं डोळ्यात गेलं. तो जो ओरडला ते ऐकून खाली दुकानातला भांड्यांचा आवाज थांबला. अप्पा जिना चढून येईपर्यंत दादाचा डावा डोळा मिटला होता आणि गालाची कातडी भाजल्यासारखी ओलसर, लालभडक दिसत होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक डॉक्टर होते, म्हातारे, सगळ्या गल्लीचे. आम्ही दादाला धरून तिकडे नेलं. अप्पा, मी आणि मागून अनवाणी आत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं रे?" दादानं एका डोळ्यानं आत्याकडे पाहिलं. आत्या भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. दादा म्हणाला, "तेल उडालं. भजी तळताना."

अप्पांनी ते तसंच चालू दिलं. आपली बहीण चारचौघांत उघडी पडू नये असं त्यांनाही वाटलं असणार. डॉक्टर कपाटाकडे वळले, मलमाची ट्यूब काढली, झाकण फिरवायला लागले.

"न्हाई डॉक्टर साहेब." आत्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, अगदी बारीक. "तेल न्हाई ते. चुना हाय. सोडा हाय. बिब्बा हाय. पोरगं माझ्यापायी खोटं बोलून राहिलंय. मी लावलं."

डॉक्टरांनी ट्यूब टेबलावर टाकली. "डोळ्यात चुना गेलाय? पाणी आणा आधी! पाणी!" त्यांनी दादाला बाकावर आडवं केलं, मान कुशीला वळवली, पापणी बोटांनी उघडी धरली आणि तांब्या आत्याच्याच हातात दिला. "ओता. हळूहळू ओता. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई." कंपाऊंडर बादलीनं पाणी आणत होता आणि आत्या ओतत होती. धार एकसारखी, नाकाकडून कानाकडे. दादा पाय झाडत होता. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण हात तसाच होता, न हलणारा. डॉक्टर मधूनमधून पापणी उलटून बघायचे, म्हणायचे, "अजून." ते थांबा म्हणाले तेव्हा फरशीवर पाण्याचं तळं झालं होतं. मग ते आत्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही बोलला नसता तर मी मलम लावून घरी पाठवलं असतं. चुना आत तसाच राहिला असता आणि डोळा खात बसला असता." ते रागावले नव्हते. नुसतं सांगत होते. तेच आत्याला जास्त लागलं असावं.

त्यांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळा वाचला होता. थोडं खरचटलं होतं, ते थेंब घालून भरून आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बिब्बा उतला. दादाचा अर्धा चेहरा घागरीसारखा फुगला, पाण्यानं भरलेले फोड आले, खाज अशी की हात बांधून ठेवायची वेळ आली. पुन्हा डॉक्टर, गोळ्या, मलम. "हळद लावू नका, लोणी लावू नका, टूथपेस्ट लावू नका," त्यांनी आईला बजावलं. "स्वच्छ ठेवा आणि उन्हात जाऊ देऊ नका. डाग जायला वेळ लागेल. रोज आरसा बघून जाणार न्हाई तो."

अप्पांनी लातूरला निरोप पाठवला, दुकानात गर्दी आहे, थोडं पुढे ढकलू.

घरी आत्यानं मागच्या खोलीतल्या सगळ्या बरण्या एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. कोरफड, लेप, मुरमांचं औषध, गोरेपणाचं औषध. उटण्याचा डबा उचलला तेव्हा आईनं तिचा हात धरला. "अक्का, उटण्यानं काय केलं हो? त्याला कशाला फेकता?" आत्या म्हणाली, "मला आता कशातलं काय कळंना झालंय." आणि डबा आईच्या हातात देऊन देवघरात जाऊन बसली. त्यानंतर गल्लीतली कुणी आली की एकच शब्द, "बंद झालं." माझं तेव्हाचं वय असं होतं की घरातल्या मोठ्या माणसाला दुःख होतं हे मला नवीन होतं. खोलीतला वास गेला आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात राहतो असं वाटायला लागलं. दादा तिच्याशी बोलायचा, थट्टा करायचा, मुद्दाम तिच्याच हातची शेंगदाण्याची चटणी मागायचा. ती वाढायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

एक दिवस मात्र तिनं मला हाक मारली, पिशवी दिली आणि म्हणाली, "चल उमे." पिशवीत उटण्याची पुडी, शिकेकाई, माक्याचं तेल आणि काजळाची डबी होती. आम्ही त्याच डॉक्टरकडे गेलो. तिनं सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाली, "ह्यातलं काय ठेवू, काय सोडू, ते सांगा." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकेकाचा वास घेतला, काय काय घातलंय ते विचारलं. काजळ त्यांनी बाजूला सारलं. "तान्ह्यांच्या डोळ्यात बोट घालणं बंद करा." शिकेकाई डोळ्यात जाऊ देऊ नका म्हणाले. उटण्याचं विचारल्यावर म्हणाले, "डाळीचं पीठ न् आंबेहळद बहुतेकांना सोसते. पण कुणाला कशाचं पित्त उठंल ते मला बी सांगता येत न्हाई. आधी कोपराच्या आत थोडं लावा, उद्यापर्यंत वाट बघा. फोड आला, खाज आली, तर त्या माणसाला ते न्हाई. आणि ओलं करून साठवू नका." आत्या म्हणाली, "मंग लागतंय म्हंजे..." डॉक्टर म्हणाले, "लागतंय म्हंजे लागतंय, बाई. अंग नको म्हणून राहिलंय." येताना तिचं चालणं पहिल्यासारखं झालं होतं, लांब लांब पावलं टाकत, मला मागे पळायला लावणारं.

लातूरला जाणं आणखी ढकलता येईना. दादाची सूज उतरली होती, खपल्या गेल्या होत्या, पण गालावर नवीन कातडीचा गुलाबी-पांढरट पट्टा आणि त्याच्या कडेनं काळपट डाग असा नकाशाच उमटला होता. आत्या यायला तयार नव्हती. दादा म्हणाला, "तू न्हाई तर मी बी न्हाई." एसटीत समोरच्या बाकावरचं एक पोर रस्ताभर त्याच्याकडे टक लावून बघत होतं.

मुलीचं घर गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. किराणा दुकानदार माणसं, साधी, आमच्यासारखीच. बशांतून भिजवलेल्या चुरमुऱ्यांची गरम सुशीला आली, वरून शेंगदाणे, खोबरं. मुलीचं नाव संगीता. ती पाटावर बसली आणि नेहमीचे प्रश्न सुरू होणार तेवढ्यात मागे बसलेल्या तिच्या काकूची कुजबुज सगळ्यांना ऐकू आली. "पांढरं दिसायलंय गं. कोड तर नव्हं?" खोली गार पडली. त्या काळी तो शब्द एकदा निघाला की लग्नच काय, घरातल्या पुढच्या पोरींची स्थळंही मोडायची. मी चमचा बशीत ठेवला. माझ्या शेजारी आत्याचा श्वास जोरात चाललेला ऐकू येत होता.

पण बोलली ती मुलगीच. मान वर करून सरळ दादाला विचारलं, "तोंडाला काय झालंय तुमच्या?"

दादा गडबडला. "चामखीळ होती. काढायला गेलो."

"का?"

"तुम्हाला बघायला यायचं होतं म्हणून."

ती ओठ दाबत म्हणाली, "मंग निघाली का?"

"न्हाई," दादा म्हणाला. "हाय तशीच हाय."

आणि ती जी हसली! पदर तोंडाला लावला तरी आवरेना. "माझं बी तोंड सकाळपासून जळून राहिलंय," ती म्हणाली. "आईनं लिंबू न् मसूर घासघासून लावलाय. पावडर हाय म्हणून दिसंना." तिची आई "अगं, अगं" करत राहिली आणि दादाही हसायला लागला, बरा गाल वर चढलेला, भाजलेला तसाच ताठ.

तेव्हा आत्या उठून उभी राहिली. "कोड न्हाई ते," ती म्हणाली. "बिब्बा न् चुना लावला मी. माझ्या हातानं. पोराचा ह्यात काय बी दोष न्हाई. डोळा जायची वेळ आणली होती मी. तुम्हाला पोरगी द्यायची का न्हाई ते तुम्ही बघा, पण त्याला नसतं नाव नका ठेवू."

मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "डोळ्याला आता काय न्हाई ना? बरा हाय ना डोळा?"

आत्यानं मान डोलावली आणि तिथंच, परक्या घरात, खाली बसून रडायला लागली. तो प्रश्न आमच्या नातेवाइकांपैकी एकानंही तिला विचारला नव्हता. सगळे विचारायचे, आता लग्नाचं कसं. संगीता पाटावरून उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आली. लग्न तिथंच ठरलं असं मी समजते, बाकीची बोलणी नंतर झाली असली तरी.

लग्न लातूरलाच झालं. येसराची आमटी, ढिगांनी भात, आणि मांडवात आमच्याच दुकानातल्या भांड्यांचा खणखणाट. हळदीच्या आधी संगीता वहिनीनं निरोप पाठवला, उटणं आत्याच्याच हातचं पाहिजे. आत्या दोन दिवस आधी एकटी लातूरला गेली. नुसतं डाळीचं पीठ, आंबेहळद आणि वाळा. वहिनीच्या कोपराच्या आत थोडं लावलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या घरी बसून राहिली. सकाळी उजेडात हात वळवून वळवून बघितला. "काय न्हाई," म्हणाली, आणि मग कालवायला बसली. वहिनी अजून सांगते, तिला आधी वाटलं होतं की ही काहीतरी पूजा आहे.

पुढे मी लग्न होऊन लातूरला आले. आत्या नांदेडलाच राहिली. मागच्या खोलीला पुन्हा वास आला, पण बरण्या थोड्या होत्या आणि कोरड्या होत्या. कुणी काहीबाही मागितलं की ती आता सरळ सांगायची, "मला येत न्हाई. डॉक्टरकडं जा." हे वाक्य तिला फार उशिरा सापडलं, आणि नवीन साडी नेसल्यासारखं ती ते ऐटीत वापरायची.

एकदा मी माहेरी गेले होते तेव्हा हदगावकडून एक बाई पोरीला घेऊन आली. पोरगी काळीसावळी, देखणी, रडून डोळे सुजलेले. उद्या तिला बघायला पाहुणे येणार होते. बाई म्हणाली, "कायतरी लावा आत्याबाई. लागलं तरी चालंल. सोसंल ती." आत्यानं पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ बघितला. गालावर कसलीतरी रापलेली, सोललेली जागा होती. घरी आधीच काहीतरी लावून झालं होतं. आत्या तिला मोरीकडे घेऊन गेली आणि तांब्यातल्या गार पाण्यानं तिचं तोंड हळूच धुतलं, मऊ पंचानं न घासता टिपलं. मग तिच्या आईला म्हणाली, "झालं. उद्या बी एवढंच करा. अन् त्या गालाला डॉक्टरला दाखवा, कातडीचं दुखणं हाय, रंगाचं न्हाई." बाई नाराज झाली. एवढ्या लांबून आली होती. आत्यानं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं ताट मांडलं, ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेल. पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती खाली मान घालून जेवली, आणखी अर्धी भाकरी मागून घेतली, आणि आई उठायच्या आत तिथंच चटईवर आडवी होऊन झोपली. बाई म्हणाली, "उठवते, गाडी जाईल." आत्या हातातल्या पंख्यानं तिला वारा घालत होती. "जाऊ द्या," ती म्हणाली. "पुढची हाय."